तुम्ही विचारलंत म्हणून : बर्लीच का?

मी पाइप ओढतो हे कळलं की तंबाखूतलं थोडंफार कळणारे लोक हटकून विचारतात, "व्हर्जिनिया आहे, लॅटाकिया आहे, मग बर्लीच का? तिला तर चवच नसते म्हणतात." ही सगळी पाइपच्या तंबाखूच्या प्रकारांची नावं. नुकतंच एक नवं मिश्रण उघडलंय, जवळजवळ सगळी बर्ली आणि वर थोडी पेरिक, म्हणजे आंबवलेली तंबाखू. ते ओढता ओढता उत्तर देतो.

बर्लीला चव असते, गोडवा नसतो. हा फरक पान वाळवण्यात आहे. व्हर्जिनियाची पानं गरम हवेच्या कोठीत आठवडाभरात वाळवतात, त्यामुळे पानातली साखर पानातच राहते. बर्ली हवेशीर कोठारात नुसती टांगून ठेवतात. तिला वाळायला महिना-दोन महिने लागतात आणि तेवढ्या अवधीत ते पान आपल्यातली साखर आपणच खाऊन संपवतं. उरतं ते कोरडं, सच्छिद्र, तपकिरी पान. आज जिला आपण बर्ली म्हणतो ती पांढरी बर्ली 1864 मध्ये अमेरिकेतल्या ओहायोत सापडली. बियाणं शेजारच्या केंटकीतलं होतं, रोपं मात्र फिकट, पांढुरकी निघाली.

हे कोरडं पान टीपकागदासारखं काहीही शोषून घेतं. कोको, ज्येष्ठमध, रम, मध, जे पाजाल ते पितं. म्हणून 1907 साली बाजारात आलेल्या 'प्रिन्स अल्बर्ट'पासून अमेरिकेतल्या कितीतरी लोकप्रिय पाइप-तंबाखूंचा पाया बर्लीचाच राहिला. "बर्लीला चॉकलेटची चव असते" असं सांगणारे बरेच जण खरं तर वरून पाजलेला कोको ओढत असतात. स्वतःची चव शोधायची तर कमीत कमी पाजलेलं मिश्रण घ्यावं. ती चव भाजलेल्या अक्रोडाची, किंचित मातकट, मागे जिभेवर बिनसाखरेच्या कोकोसारखा कडसरपणा ठेवणारी असते. पहिल्या झुरक्याला ती ओळख देत नाही, आणि "चव नाही" हा शेरा बहुतेकदा तिथेच मारला जातो.

या डब्याचा वास उघडताच आंबूस, सुकवलेल्या आलुबुखारासारखा आला. ती करामत पेरिकची. लुइझियानातल्या सेंट जेम्स परगण्यात ही पानं पिंपात दाबून महिनोन्‌महिने आंबवतात. तंबाखू हाताला ओलसर लागली, म्हणून कागदावर पसरून ठेवली. चिमटीत दाबून सोडली की मोकळी व्हावी इतपत सुकलेली बरी. मग बाउल, म्हणजे पाइपची तंबाखू भरायची वाटी, खाली सैल, वर जरा घट्ट असा भरला. पहिली काडी लावल्यावर तंबाखू फुगून वर येते, तिला ठासणीने हलकं बसवून दुसरी काडी. एवढं झालं की घाई संपली पाहिजे. बर्ली भरभर जळते. जोरात ओढली की पाइप तापतो आणि धूर राखेसारखा लागतो. घोट घोट चहा प्यावा तशा संथ चालीने ओढली तरच ती बोलते.

सुरुवातीला जिभेवर मिरी आली, म्हणजे पेरिकच पुढे. बाउल अर्ध्यावर आला तशी ती मागे सरली आणि अक्रोड वर आला. माझ्या मते कुठलंही बर्ली-मिश्रण याच टप्प्यावर जोखावं. शेवटाला कडवटपणा वाढला, तेव्हा तळ गाठण्याचा हट्ट न धरता बाउल रिकामा केला. नंतर हीच तंबाखू मक्याच्या कणसाच्या पाइपात ओढून पाहिली. मिसूरीतल्या वॉशिंग्टन गावात असे पाइप 1869 पासून बनताहेत आणि बर्लीशी त्यांचं चांगलं जमतं. तिखटपणा बराच निवला. शिवाय लाकडी पाइपात आधीच्या सुगंधी तंबाखूचा वास मुरलेला असेल तर बर्लीची चव त्याखाली दबून जाते. कोऱ्या कणसात ती अडचण नाही.

एक गोष्ट मात्र विचारली नाहीत तरी सांगतो. बर्लीत निकोटिन भरपूर असतं आणि तिचा धूर अल्कधर्मी असल्यामुळे ते तोंडाच्या अस्तरातूनही रक्तात उतरतं, छातीत घ्यावं लागत नाही. उपाशीपोटी ओढली तर गरगरतं, गार घाम फुटतो. अशा वेळी पाइप खाली ठेवावा, बसून राहावं. आणि धूर गिळत नाही म्हणून पाइप निर्धोक, हा समज साफ खोटा आहे. तोंडाचा, घशाचा कर्करोग पाइपनेही होतो. ओढत नसाल तर हे वाचून सुरू करू नका.

पुन्हा घेणार का, हा तुमचा पुढचा प्रश्न. हे मिश्रण नाही घेणार. पेरिक आहे त्याच्या निम्मीच असती तर घेतलं असतं. उरलेल्या डब्यात साधी बर्ली मिसळून ती पातळ करणार आहे, आणि मला वाटतं ते मिश्रण मूळच्यापेक्षा उजवं निघेल.