मधेच उतरायचं स्टेशन

भिंतीवरच्या कॅलेंडरवर 26 ऑक्टोबरला मी लाल पेनानं गोल केला, तेव्हा आईनं विचारलं, "कुणाचा वाढदिवस?"

"हंपीच्या तिकिटाचा," मी म्हणालो.

25 डिसेंबरला निघायचं, तर आरक्षण बरोबर 60 दिवस आधी उघडणार, निघायचा दिवस सोडून. सकाळी आठला. बोटांवर मोजलं तर तीनदा तीन तारखा आल्या, शेवटी मुलीनं मोबाइलवर काढून दिली. पूर्वी ही मुदत 120 दिवसांची होती, 2024 च्या नोव्हेंबरपासून निम्मी झाली. बरंच झालं म्हणायचं. चार महिने आधी सहलीचं बोलणाऱ्या माणसाला घरात कुणी मनावर घेत नाही. दोन महिन्यांवर आलं की निदान "रजा मिळणार आहे का?" एवढं तरी विचारतात.

माणसं सात. आम्ही चौघं, आई, आणि पुण्याहून दादा-वहिनी. ऑनलाइन एका तिकिटावर सहाच नावं बसतात, म्हणजे सातवं कोण हा प्रश्न आलाच. त्यात आईला खालचा बर्थ हवा. गुडघ्यांचं दुखणं आहे. ज्येष्ठांसाठी खालच्या बर्थचा कोटा असतो, पण तिकिटावर एक किंवा दोनच माणसं असतील तरच, आणि दोघंही त्या नियमात बसणारी हवीत. पुरुषाला 60 पूर्ण लागतात, बाईला 45. हे वाचून मी हळूच हिच्याकडं बघितलं. हिला जूनमध्येच 45 पूर्ण झालीत.

"ज्येष्ठ?" ही म्हणाली. "मी?"

"फक्त रेल्वेच्या दृष्टीनं."

दोन दिवस हिच्या हातचा चहा जरा फिकाच लागला. पण सासू-सून एका तिकिटावर आणि आम्ही पाचजण दुसऱ्यावर, असं ठरलं. त्यात दोन तिकिटं दोन डब्यांत गेली तर डबे कुणाकडं राहणार? डबे म्हणजे जेवणाचे. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग. मुलाला सहलीतला तेवढाच भाग पक्का पाठ आहे. बेळगावला कुंदा आणि धारवाडला पेढा घ्यायचा, हेही त्यानं वहीत लिहून ठेवलंय. होसपेटला, म्हणजे हंपीसाठी उतरायच्या स्टेशनावर, पोचेपर्यंत भूक राहील का, हे मात्र लिहिलेलं नाही.

खरी अडचण आली ती गाडीच्या नावापाशी. हरिप्रिया एक्स्प्रेस, कोल्हापूर ते तिरुपती. आमच्याकडं हरिप्रियेनं निघालो म्हटलं की पुढचा प्रश्न "कुठं?" असा येतच नाही. "माझाही नमस्कार सांगा" असाच येतो. त्या गाडीतून होसपेटला उतरायचं, तिथून हंपी तेरा-चौदा किलोमीटर, हे मी आईला नीट समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"बालाजीच्या गाडीत बसायचं आणि मधेच उतरायचं?"

"हो."

"कशाला? पडकी घरं बघायला?"

मी सांगायचं तेवढं सांगितलं. 1336 मध्ये हरिहर आणि बुक्क यांनी वसवलेलं विजयनगर. घोड्यांच्या आणि रत्नांच्या बाजारपेठा. 1565 च्या लढाईत सगळं मोडलं, ओस पडलं. तुंगभद्रा मात्र आहे तिथंच आहे. तिच्या काठानं घराएवढे गोल दगड एकमेकांवर असे रचलेले की कुणीतरी खेळ अर्धवट टाकून उठून गेलंय. हत्तींसाठी अकरा दालनांची घुमटबंद शाळा. आई म्हणाली, "माणसं गेली आणि हत्तींचं घर राहिलं?" तिच्या तोंडून येईपर्यंत हे मलाही सुचलं नव्हतं.

मग मी तिचा बटवा मागितला. चार घड्या घातलेली 50 ची निळसर नोट काढली आणि मागची बाजू उलगडून चष्म्याखाली धरली. घडीची रेघ नेमकी रथाच्या मधून गेलेली, चाकं तेवढी शाबूत.

"हा दगडी रथ हंपीचा. आपण हा बघायला चाललोय."

"हा? हा तर मी रोज भाजीवाल्याला देते."

"विठ्ठलाच्या देवळासमोर उभा आहे."

तिनं चष्मा वर केला. "तिकडं कुठला विठ्ठल?"

आता हे मी आधीच सांगायला हवं होतं. वारकरी परंपरेत सांगतात की विजयनगरच्या राजानं पंढरपूरची मूर्ती हंपीला नेली आणि एकनाथांचे पणजोबा, संत भानुदास, तिथं जाऊन ती परत घेऊन आले. हंपीत आज ते देऊळ आहे, कोरीव खांबांचा मंडप आहे, गाभारा मात्र रिकामा. आई भानुदासांची गोष्ट लहानपणापासून कीर्तनात ऐकत आलीय. ते गाव नकाशात असेल आणि तिथं गाडी थांबत असेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. नोटेची परत चार घड्या घालून तिनं बटव्यात ठेवली. त्या आठवड्यात बहुतेक भाजी सुट्ट्या पैशांवरच आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाली, "रिकामा असला तरी गाभाऱ्यापर्यंत जाऊ देतात ना?"

झालं. होसपेटला उतरायचं पक्कं झालं. विठोबाला नेलं होतं त्या घरी एकदा जाऊन यायला हवं, नेणाऱ्यांचं बरोबर होतं की नव्हतं ते नंतर बघू, असा एकूण सूर होता. मी खूश झालो. आणि खूश झालेला माणूस जरा जास्तच बोलतो.

"विजयनगरचा राजा कृष्णदेवराय बालाजीचाही मोठा भक्त होता बरं का. तिरुमलाला देवळात त्याच्या आणि दोन राण्यांच्या तांब्याच्या मूर्ती आहेत, हात जोडून उभ्या."

आई शेंगा सोलत होती. हात थांबले.

"म्हणजे राजासुद्धा हंपीत बसून राहिला नाही. पुढं बालाजीला गेला."

"तसं म्हणता येईल, पण..."

"तीच गाडी पुढं तिकडंच जाते ना रे?"

ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "27 डिसेंबरला रात्री होसपेटला परत तीच गाडी पकडायची." मला वाटलं ही तरी माझ्या बाजूची. पण ज्येष्ठांचं तिकीट एकच, तेव्हा ज्येष्ठांचं मतही एकच.

मी कॅलेंडरपाशी गेलो. 28 ऑक्टोबरवर दुसरा गोल केला. परतीच्या तिकिटाचं अजून कुणी काढलेलं नाही.