येसाजींचंच नाव का?

"कान्होजी आंग्र्यांचा पराक्रम ऐकायला आम्ही येतो, तुम्ही मध्येच त्या येसाजींचं काय काढता?" तुम्ही विचारलंत म्हणून, आणि तुमच्याआधी पुष्कळांनी विचारलं म्हणून, एकदा लिहूनच टाकतो.

कुलाबा किल्ल्यावर मी बारा-तेरा वर्षं लोकांना नेतो आहे. सुकती लागली की अलिबागच्या किनाऱ्यावरून चालत निघायचं, गोड्या पाण्याची विहीर, रघुजींनी बांधलेलं गणपतीचं देऊळ दाखवायचं आणि भरतीच्या आत परतायचं. पूर्वी मीही कान्होजींवरून थेट मानाजींवर यायचो. बाजीरावांनी १७३५ साली कान्होजींच्या दोन मुलांत, संभाजी नि मानाजींत, आंग्र्यांची वाटणी करून दिली. संभाजींकडे सरखेली, म्हणजे आरमाराचं प्रमुखपण, राहिली, मानाजींना वजारतमाब किताब आणि कुलाबा मिळाला. तो मानाजी मला आवडायचा. येसाजींना माझ्या सांगण्यात जागाच नव्हती.

ते या दोघांचे धाकटे भाऊ. १७२९ ला कान्होजी गेले, १७३३ ला थोरला मुलगा सेखोजी, आणि भावाभावांत फाटलं. संभाजींनी कुलाबा येसाजींच्या हवाली केला होता. मानाजींनी पोर्तुगीजांची मदत घेऊन तो घेतला, भावाचे डोळे काढले आणि त्याला कैदेत टाकलं. कुणी विचारलंच तर मी म्हणायचो, त्या काळी असंच चालायचं. आंधळ्याला कुणी गादीवर बसवत नाही, म्हणून डोळे. जीव तर घेतला नाही ना! हे मी शाळेच्या पोरांनाही सांगितलंय.

वडील गेल्यावर आमच्या वाडीचा प्रश्न आला. नारळ-पोफळीची वाडी, सामायिक. धाकटा भाऊ मुंबईला नोकरीत. शिंपणं मी केलं, पाडप मी केलं, आईचं आजारपण मी काढलं. वाडी माझ्याकडे राहावी असं मला वाटलं, आजही वाटतं. हक्कसोडपत्र करायचं ठरलं. तो सकाळच्या लाँचने मांडव्याला उतरून तसाच नोंदणीच्या कचेरीत आला. कागद हातात घेतला, शर्टाचा खिसा चाचपला, मग पँटचे दोन्ही खिसे. चष्मा घरी राहिला होता. कागद लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. "दादा, तूच वाच ना."

मी म्हटलं, "वाचायचं काय त्यात? मी वाचलंय."

आदल्या रात्री आमचं बोलणं झालं होतं: वाडी माझ्या नावावर, पण समुद्राकडची चार गुंठे त्याची. कागदात ती चार गुंठे नव्हती. ते मला ठाऊक होतं. "कुठे करू सही?" त्याने विचारलं आणि मी बोट ठेवलं. बोटाखाली त्याने सही केली, पानामागून पान. मग चहा प्यायलो. माझ्या नातवासाठी त्याने खाऊ आणला होता, तो त्याने माझ्या पिशवीत घातला.

सातबारा हातात आल्यावर त्याला कळलं. भांडला नाही. गणपतीला यायचा तेवढा थांबला.

चार गुंठ्यांत घर उठत नाही, मागे रस्ता नाही, पुढे वाटण्या झाल्या असत्या तर वाडीच मोडली असती. हे सगळं खरं आहे. आंग्र्यांचंही तेच झालं की. वाटणी झाली, आणि १७५६ ला पेशवे नि इंग्रज मिळून त्यांच्याच भावावर, तुळाजींवर, आले तेव्हा विजयदुर्गात आरमार जळालं. वाटणी वाईट, असं मी स्वतःला बरीच वर्षं बजावत आलो. पण मग वाचून का दाखवलं नाही? याला माझ्याकडे उत्तर नाही. चार गुंठे अजून माझ्याच नावावर आहेत. मुलं ऐकत नाहीत म्हणतो, पण मुलांना मीही धड विचारलेलं नाही.

आता किल्ल्यात शिरलो की येसाजींचं नाव तोंडात येतंच. मानाजींना मी शिव्या देत नाही, बाजूही घेत नाही.

गेल्या माघात भावाचा फोन आला. नातवंडांना किल्ला दाखवायचाय म्हणाला, "सुकती किती वाजता?"

"सव्वादहापासून जाता येईल," मी म्हटलं. "मी येऊ का?"

तो थोडा वेळ गप्प होता. "बघू," म्हणाला.