उन्हाळ्यातली वाइन, हजाराच्या आत: मालवणातून अपडेट

मंडळी, होळीपासूनच्या नोंदी वहीत नुसत्या पडून आहेत, आज वेळ मिळालाय तर सगळं एकदमच टाकते. नियम तोच, 750 एमएलची बाटली हजाराच्या आत, महाराष्ट्रात बनलेली, आणि मालवण-कुडाळ-कणकवलीच्या दुकानांत रांगेत उभं राहून मिळणारी. मुंबईहून कोणी आणून दिलेली धरत नाही, मग हिशोबच फिसकटतो. आणि "गोवा काय लांब आहे, तिथून आण की" म्हणणाऱ्यांनो, गोव्याच्या हद्दीवरच्या इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर डिकी उघडून हुज्जत घालायची मला अजिबात हौस नाही. दारूच्या परवान्याचं विचारलं होतं दोघा-तिघांनी, तर मी हजार रुपये भरून आजन्म परवाना काढून ठेवलाय, बाईने परवाना मागितला की काउंटरवर जे चेहरे होतात ते बघायलाच पैसे वसूल.

मार्च अखेर

आधी दुकानांबद्दल, कारण खरी निवड तिथेच होते. आपल्या किनाऱ्यावर बिअर आणि क्वार्टरचा माल भराभर फिरतो, वाइन मात्र सगळ्यात वरच्या फळीवर ट्यूबलाइटला टेकून उभी असते, पत्रा तापलेला, पंखा गिऱ्हाइकाच्या डोक्यावर, आणि तिथे ती किती महिने उभी आहे ते दुकानदारालाही आठवत नाही. नाशिकहून निघाली तेव्हा कितीही चांगली असली तरी अशा उकाड्यात व्हाइट वाइनचा आधी वास जातो, मग लिंबाचा तो करकरीतपणा जातो आणि शेवटी उरतं ते पिवळट, शिजवलेल्या सफरचंदाच्या वासाचं काहीतरी. त्यामुळे मी ब्रँड नंतर बघते, आधी बाटली उलटी फिरवून मागच्या लेबलवरचा महिना आणि साल. व्हाइट आणि रोझे (गुलाबी वाइन) द्राक्षांच्या काढणीपासून दीड-दोन वर्षांच्या आतली असेल तरच हातात धरायची.

ह्याचं गणित आपल्याकडे जरा वेगळं आहे. युरोपात द्राक्षं ऑगस्ट-सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उतरतात, आपल्या नाशकात मात्र एप्रिलला खरड छाटणी (वेल नव्याने फुटावा म्हणून), पाऊस गेल्यावर फळछाटणी (घड यावेत म्हणून), आणि वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्च काढायची, म्हणजे रात्री गार आणि दिवसा ऊन असताना. स्टीलच्या टाकीत थंड ठेवून आंबवलेली साधी व्हाइट काही महिन्यांत बाटलीत भरता येते. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये आपल्या हाताला लागते ती बहुतेक मागच्या सालची, आणि ती बिनधास्त घ्या. त्याच्याही मागचं साल असेल तर दुकानदार कितीही डिस्काउंट देऊ दे, नको.

दुसरं म्हणजे बूच. कॉर्क असेल तर वरच्या वेष्टनावर बोट फिरवून बघा, कॉर्क जरा वर आल्यासारखा लागला किंवा गळ्याशी चिकट ओघळ दिसला तर ती बाटली कुठेतरी भरपूर तापलेली आहे, ट्रकमध्ये म्हणा, गोडाउनमध्ये म्हणा. ह्या बजेटमध्ये मी फिरकीच्या झाकणाचीच घेते. उभी ठेवली तरी कॉर्क सुकायची भानगड नाही, आणि बोटीवर किंवा किनाऱ्यावर ओपनर शोधत बसायला लागत नाही. फिरकीचं झाकण म्हणजे हलका माल असं अजून कोणी म्हणत असेल तर म्हणू दे.

एप्रिल

उन्हाळ्यातली मॅच चेनिन ब्लां विरुद्ध सॉव्हिन्यॉं ब्लां, ह्या दोन व्हाइट वाइनची, अशीच होती, बाकी सगळे प्रेक्षक. दोन्ही द्राक्षं मूळची फ्रान्सची, आणि नाशकात ही दोन्ही रुजवण्यात सुला ह्या तिथल्या वायनरीचा हात मोठा, त्यांची पहिली वाइन 2000 साली बाजारात आली. पुढच्याच वर्षी, 2001 ला, राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, त्यात इथे बनणाऱ्या वाइनला सवलती मिळाल्या आणि नाशिकच्या आजूबाजूला वायनऱ्या वाढत गेल्या. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटरवर, त्यामुळे रात्री गारवा मिळतो, आणि द्राक्षातला आंबटपणा टिकायला तोच गारवा कामाला येतो. त्यातही चेनिनचं वैशिष्ट्य असं की उन्हातसुद्धा ती आपला आंबटपणा पटकन सोडत नाही. सॉव्हिन्यॉंला जरा लवकर तोडावं लागतं, नाहीतर तिचा तो हिरवा वास, गवताचा, ढोबळी मिरचीचा, उडून जातो.

सॉव्हिन्यॉं मला आवडते, खोटं कशाला बोलू, संध्याकाळी गच्चीवर नुसती प्यायची असेल, सोबत उकडलेल्या शेंगा वगैरे, तर तीच. रव्यातल्या सुरमईबरोबर किंवा कुरकुरीत बोंबलांबरोबर पण मस्त, लिंबू पिळायचं कामच राहत नाही. पण जेवणात मालवणी मसाला आला की गडबड सुरू. एकदम कोरडी (गोडी नसलेली) वाइन घेतली की तिखट अजून तिखट लागतं, अल्कोहोलमुळे मिरचीची आग वाढते आणि वर साखर काहीच नसते ती शमवायला.

इथे चेनिन जिंकली, आणि चांगलीच जिंकली. आपल्याकडच्या बऱ्याच चेनिनमध्ये अगदी किंचित गोडी ठेवलेली असते, आंबटपणा असल्यामुळे ती सरबतासारखी अंगावर येत नाही, फक्त मिरचीची धार बोथट करते. तिसऱ्यांचं सुकं केलं होतं, भरपूर ओलं खोबरं, कोकमं, मसाला जरा हात सैल सोडून घातलेला, आणि थंडगार सुलाची चेनिन. खोबऱ्याचा तेलकटपणा जिभेवर बसतो ना, तो प्रत्येक घोटाला धुवून निघत होता आणि तिसऱ्यांची मूळची खारट-गोड चव परत वर येत होती. आते आली होती वेंगुर्ल्याहून, आयुष्यात कधी घेतली नाही तिने, तरी वास घेऊन एक घोट घेतलाच आणि म्हणाली, "गे, ह्या कोकमाच्या सरबतात साखर घालूक इसारलस काय?" ह्याच्यापेक्षा नेमकी टेस्टिंग नोट मी अजून कुठे वाचलेली नाही. दुसरा घोट मात्र तिने न विचारता घेतला.

फ्रातेल्ली ह्या दुसऱ्या वायनरीची चेनिन पण शेजारी ठेवून बघितली, ती सोलापूर जिल्ह्यातली, अकलूजकडची. माझ्या जिभेला ती सुलापेक्षा कोरडी लागली, बांगड्याच्या तिखल्याला कमी पडली, साध्या तळलेल्या माशाला जास्त चांगली. तिरफळं घातली की वाइनच्या नाजूक वासाचं काही खरं नाही, तिथे महागाची बाटली उघडणं म्हणजे पैसे वाया.

सोलकढीबद्दल वाद होणार माहितीये. पण जेवणात सोलकढी असेल तर वाइन बाजूला ठेवा. कोकमाचा आंबटपणा एवढा जबरदस्त की त्याच्यापुढे कुठलीही व्हाइट पाणचट लागते. आधी वाइन, सोलकढी सगळ्यात शेवटी, भातावर.

आता गार करण्याचं. पुस्तकात लिहितात 8 ते 10 डिग्री, आणि ते आपल्या हवेत काढणीच्या सालाइतकंच महत्त्वाचं आहे. फ्रीजमध्ये अडीच-तीन तास लागतात, पण एप्रिलमध्ये दुपारची लाइट गेली की फ्रीज नुसतं कपाट. मग मी जेट्टीवरून मासळीचा बर्फ आणते, मच्छीवाल्यांचा तोच लादी फोडून दिलेला. थर्माकोलच्या खोक्यात बर्फ, तेवढंच पाणी आणि दोन-तीन मुठी जाडं मीठ, बाटली गळ्यापर्यंत आत, मधेमधे फिरवायची. वीसेक मिनिटांत एकदम गारेगार. नुसता बर्फ भरला तर बाटलीला फक्त टोकं टेकतात आणि मधे हवा राहते, पाणी घातलं की सगळ्या बाजूंनी थंडावा लागतो, आणि मिठाने ते पाणी शून्याच्याही खाली जातं. तो बर्फ ग्लासात घालू नका हां, तो खायचा बर्फ नव्हे. ग्लास छोटे घ्या आणि अर्धेच भरा, आपल्या दमट हवेत दहा मिनिटांत वाइन कोमट होते, बाटली खोक्यातच राहू दे.

मे

पाहुणे, आंबे, मुंबईची पोरं, त्यामुळे नोंदी तुटक आहेत.

रोझे: सुलाची झिनफांडेल रोझे आणली, कोंबडी-वड्यांबरोबर. रंग बघून "बायकांची वाइन" म्हणून हसणाऱ्या दोन भाऊजींनीच बाटली संपवली, त्यामुळे मला नीट नोंद करता आली नाही, एवढंच लिहिते की वड्याच्या तळकटपणाला आणि कोंबडीच्या वाटपाला झेपते.

रेड: मे महिन्यात शिराझ कशाला, असं विचारू नका, नवऱ्याला हवी होती. पण दोन गोष्टी कळल्या. एक, "रेड रूम टेंपरेचरला" हे थंड देशातल्या रूमचं गणित आहे, आपल्या 33-34 डिग्रीच्या खोलीत रेडचा नुसता अल्कोहोल नाकात जातो. अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवून पंधरा-सोळा डिग्रीला आणली तर तीच बाटली बरीच सुधारते. दोन, रेड आणि मासे आपल्याकडे खरंच जमत नाहीत, रेडमधलं लोह माशाच्या तेलाशी भिडतं आणि तोंडात उग्र वशाट चव राहते, बांगडा-तारलीसारख्या तेलकट माशांना तर जास्तच. रेड हवीच असेल तर फ्रातेल्लीची सांजोवेझे जरा गार करून, सोबत काळ्या वाटाण्याची उसळ. हे कॉम्बिनेशन कोणी सांगितलं नव्हतं, उसळ उरली होती म्हणून झालं, पण पुन्हा मुद्दाम करणार.

हापूसबरोबर काहीच जमलं नाही. आंबा वाइनपेक्षा गोड, त्याच्यापुढे चेनिनसुद्धा आंबट ढ्यांग. आंबा आंब्यासारखाच खा.

स्पार्कलिंग बजेटच्या वर जाते म्हणून सोडली. कॅनमधली वाइन आमच्या बाजूला अजून नीट मिळत नाही.

उरलेली बाटली झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये, दाराच्या कप्प्यात नको, तिथे उघडझाप फार. व्हाइट दोन-तीन दिवस ठीक राहते. त्यानंतरची मी कोलंबी परतताना लसणावर ओतते, चुर्र आवाज आला की गॅस मोठा.

1 जूनपासून मासेमारी बंद, म्हणजे पुढच्या नोंदी सुक्या मासळीवर आणि फणसाच्या भाजीवर होतील. सुक्या जवळ्याबरोबर काय उघडावं ह्यावर माझ्याकडे अजून काहीच नाही, कोणी करून बघितलं असेल तर सांगा. आणि रत्नागिरी-चिपळूण-गुहागरवाल्यांनो, तुमच्याकडे यॉर्क किंवा व्हॅलोने ह्या वायनऱ्यांची चेनिन हजाराच्या आत दिसली तर दुकान कुठल्या गावात आणि लेबलवर महिना कुठला, दोन्ही लिहा, नुसता बाटलीचा फोटो नको.