नाकवाल्यांची आळी

परवा दुपारी भाचीनं हलवून उठवलं. "मावशी, स्निव्हल म्हणजे गं काय?" मोबाइल तिच्या हातातच होता, पण डिक्शनरीत बघूनच लिहायचं अशी बाईंची अट. कपाटावरून ती पुठ्ठा सुटलेली जाडी डिक्शनरी काढली. नाक ओढत रडणं. लिहून घेऊन ती पळाली, मी बसले त्याच पानावर. एक शब्द बघून डिक्शनरी मिटणं मला जमतच नाही. शेजारीपाजारी कोण राहतं ते नको बघायला?

एस-एनच्या पानावर सगळे नाकवाले. स्नोअर घोरणं, स्नीझ शिंकणं, स्निफ हुंगणं, स्नॉर्ट फुरफुरणं, स्नाउट जनावराचं नाकाड. तांबट आळीत तांबट, बुरूड आळीत बुरूड, तसे हे ओळीनं नांदतात.

शनिवार पेठेतल्या वाड्यात मे महिन्याच्या सुट्टीत आजोबा आम्हाला रोज डिक्शनरीचं एक पान वाचायला बसवत. स्वतः खाटेवर. हे पान आलं त्या दुपारी त्यांनी जवळजवळ सगळं करून दाखवलं, फक्त क्रम त्यांचा वेगळा. आधी चिमूटभर तपकीर, म्हणजे स्नफ. मग खांब हादरवणाऱ्या शिंका. मग घोरणं. माजघराच्या दारातून आजीनं नाक मुरडलं, तेव्हा स्निअरही झालं. आम्ही पोरं तोंडात फडकं कोंबून हसत होतो, कारण आजोबा जागे झाले की पाठांतर.

एस-एनसारख्या, एकाच अर्थाभोवती शब्द गोळा करणाऱ्या अक्षरजोड्यांना फर्थ नावाच्या इंग्रज भाषाशास्त्रज्ञानं १९३० मध्ये 'फोनेस्थीम' असं नाव दिलं. त्याआधी हे गृहस्थ लाहोरला इंग्रजीचे प्राध्यापक होते. तिथे दुपारी कोण घोरत होतं कोण जाणे!

शिंक तर मूळची या आळीतली नाहीच. जुन्या इंग्रजीत तो शब्द एफ-एननं सुरू व्हायचा. पंधराव्या शतकाच्या सुमाराला तो इथे राहायला आला. 'फ्न' म्हणून बघा एकदा. माझ्या मते खरी शिंक तीच, उगाच बदलली.

स्नो, स्नेक, स्नेल यांचा मात्र नाकाशी काही संबंध नाही. असू दे, परके भाडेकरू कुठल्या आळीत नसतात?

खालच्या बाजूला स्नॉब. दुसऱ्याला हलकं लेखून नाक वर करून चालणारा. अठराव्या शतकाच्या अखेरीला स्नॉब म्हणजे होता जोडे शिवणारा. पुढे केंब्रिजचे विद्यार्थी गावातल्या कुणालाही स्नॉब म्हणू लागले, अर्थातच नाक मुरडून. मग कधीतरी तो शब्द फिरून नाक मुरडणाऱ्यालाच चिकटला.

जोडे शिवणाऱ्याला यातलं कुणी काही विचारलं नसणार.