एका बाइटचे दोन मालक

आमच्या ब्राउझरबद्दलची तक्रार साधी होती. पानावरचं एखादं चित्र कधीकधी उमटतच नाही, जागा कोरी राहते. टॅब बदलून परत आलं की दिसतं. माझ्या मशीनवर ते पान मी कितीतरी वेळा उघडलं, दर वेळी चित्र हजर. मग कोडमध्ये जागोजागी लॉग (चालता चालता नोंद छापणाऱ्या ओळी) टाकले, तर ज्या एका टेस्ट मशीनवर हे अधूनमधून व्हायचं तिथूनही ते गायब झालं. तिथेच शंका आली. लॉग लिहिताना थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममध्ये समांतर चालणारी कामाची एक धार, क्षणभर रेंगाळतो, आत कुठेतरी लॉकही (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) घेतला जातो, आणि थ्रेडांच्या वेळा सरकतात. लॉग टाकल्यावर लपणारा बग बहुतेकदा टायमिंगचाच असतो.

डीबगर घेऊन त्याच्या मागे धावण्यात अर्थ नव्हता. थ्रेडसॅनिटायझर हे थ्रेडांमधल्या अशा चुका शोधणारं टूल लावून अख्खा ब्राउझर बिल्ड केला. क्लँग या कंपायलरला एक ऑप्शन दिला की मेमरी वाचण्या-लिहिण्याच्या जागी तो स्वतःची नोंद घुसवतो. प्रोग्रॅम साधारण ५ ते १५ पट मंदावतो आणि मेमरीही ५ ते १० पट खातो. निम्मा दिवस तर टेस्टचे टाइमआउट वाढवण्यातच गेला.

पण या टूलची एक गोष्ट मला फार आवडते. दोन थ्रेड प्रत्यक्ष एकमेकांवर आदळण्याची ते वाट बघत बसत नाही. दोघांनी एकाच जागेला हात लावला, निदान एकाने तिथे लिहिलं, आणि ‘हे आधी, ते नंतर’ असं ठरवणारं लॉक किंवा अ‍ॅटॉमिक (मधे न तुटता एका दमात होणारी क्रिया) मधे काहीच नाही, म्हणजेच डेटा रेस आहे, एवढं दिसलं तरी रिपोर्ट येतो. म्हणजे चित्र व्यवस्थित दिसत असतानाही चोर सापडू शकतो. अट एकच, तो कोड चालला पाहिजे. जी टेस्ट तिथपर्यंत पोहोचतच नाही, तिच्या हिरव्या खुणेला काही अर्थ नाही.

पहिल्या रात्रीचा लॉग सकाळी उघडला आणि लगेच मिटला. एकच रेस वेगवेगळ्या वाटांनी येऊन पुन्हा पुन्हा छापलेली. काही रिपोर्ट बाहेरच्या, आधीच कंपाइल होऊन आलेल्या लायब्ररीचे. तिच्यातले अ‍ॅटॉमिक टूलला दिसत नाहीत, म्हणून उगाच बोंब. अशांसाठी सप्रेशनची फाइल असते: फंक्शनचं नाव लिहा, तो रिपोर्ट गप्प. ही सोय वाईट आहे, कारण ती फार सोयीची आहे. लायब्ररीची नावं टाकता टाकता मी आमच्याच कोडमधलीही काही टाकली आणि शेजारी कमेंट लिहिली, ‘निरुपद्रवी’. आकडेवारीचा एक काउंटर, बंद होताना तपासायचा एक फ्लॅग (हो-नाही सांगणारी खूण), आणि चित्राच्या ऑब्जेक्टमधले दोन फ्लॅग.

रिव्ह्यूमध्ये आमच्या सीनियरने विचारलं, “निरुपद्रवी हे तू ठरवलंस की कंपायलरने?”

मला राग आला, पण मुद्दा तिचा बरोबर होता. सी प्लस प्लसच्या २०११ च्या मानकापासून डेटा रेस म्हणजे सरळ अनडिफाइंड बिहेवियर, पुढे काय होईल याची भाषा काहीच हमी देत नाही. अशी रेस नाहीच असं धरून चालायला कंपायलर मोकळा असतो. साधा बूल फ्लॅग ‘खरा’ होईपर्यंत फिरणारा लूप असेल, तर तो फ्लॅग एकदाच वाचून लूप कायमचा फिरत ठेवणंही त्याला चालतं. फ्लॅगपुढे ‘व्होलाटाइल’ (दर वेळी मेमरीतूनच वाच, अशी सूचना) लिहून हे सुटत नाही, ते त्यासाठी नाहीच.

मग फाइलमधल्या माझ्या ओळी एकेक करून उडवायला घेतल्या. काउंटर रिलॅक्स्ड (क्रमाची हमी न देणारा) अ‍ॅटॉमिक झाला, विषय संपला. दोन फ्लॅगांपाशी मात्र अडले. ‘डीकोड झालं’ हा फ्लॅग डीकोडरचा, म्हणजे चित्राची फाइल उलगडून पिक्सेल बनवणारा, थ्रेड लॉक घेऊन लिहायचा. ‘दिसतंय’ हा फक्त मुख्य थ्रेडचा, लॉकशिवाय. दोघांची व्हेरिएबल वेगळी, मग रेस कसली? रिपोर्ट पुन्हा नीट वाचला. दोन्ही लिखाणं एक बाइटची, पत्ता तोच. एका बाजूला म्युटेक्सची, म्हणजे त्या लॉकची, नोंद, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. क्लासची व्याख्या उघडली, तर दोन्ही फ्लॅग एकेका बिटाचे बिटफील्ड, एकाच बाइटमध्ये शेजारी शेजारी.

प्रोसेसर एकटा बिट लिहीत नाही. आख्खा बाइट वाचायचा, त्यातला आपला बिट बदलायचा, बाइट परत ठेवायचा. मुख्य थ्रेडने बाइट वाचला, तेवढ्यात डीकोडरने ‘झालं’ लिहिलं, आणि मुख्य थ्रेडने आपला जुना बाइट त्यावर ठेवला. चित्र तयार, पण तशी खूणच पुसलेली. कोरी जागा ती हीच. आणि तिचा रिपोर्ट मी स्वतःच्या हाताने गप्प केला होता.

मुख्य थ्रेडवरही लॉक घेऊन पाहिलं, तर डीकोडरची वाट बघण्यात स्क्रोल अडखळायला लागला. बिटफील्ड अ‍ॅटॉमिक करता येत नाही. शेवटी दोन्ही फ्लॅग सुटे केले. ‘डीकोड झालं’ अ‍ॅटॉमिक, लिहिताना रिलीज, वाचताना अ‍ॅक्वायर, म्हणजे फ्लॅग दिसला की त्याआधी लिहिलेले पिक्सेलही नक्की दिसणार. मेमरी वाढेल अशी हरकत आली, पण त्या ऑब्जेक्टमध्ये पॅडिंग (कंपायलरने मधे सोडलेली जागा) रिकामंच पडलं होतं, आकार तेवढाच राहिला.

याच हुरुपात ‘डीकोड सुरू’ हा फ्लॅगही अ‍ॅटॉमिक केला आणि फसले. टूल गप्प झालं, तरी एकच चित्र कधीकधी दोनदा डीकोड व्हायचं. आधी ‘सुरू आहे का’ बघायचं आणि मग ‘सुरू’ लिहायचं, या दोन पावलांच्या मधे दुसरा थ्रेड शिरत होता. प्रत्येक पाऊल अ‍ॅटॉमिक, जोडी नाही. टूलच्या दृष्टीने ही डेटा रेसच नव्हे. तिथे बघणं आणि लिहिणं एका दमात करणारा कंपेअर-एक्स्चेंज लावला.

आता तो बिल्ड रोज रात्री चालतो. सप्रेशनच्या फाइलमध्ये तीन ओळी उरल्यात, तिन्ही बाहेरच्या लायब्ररीच्या, आणि प्रत्येकीच्या शेजारी ती तिथे का आहे ते लिहिलंय.