ओळ आधी तोंडात बसायला हवी
बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, घरात शेतात काम करता करताच ओव्या सुचायच्या, मुलगा सोपानदेव त्या उतरवून घ्यायचा. १९५१ ला त्या गेल्या आणि पुस्तक आलं १९५२ मध्ये, खूप वाईट वाटतं याचं.

मला सगळ्यात भारी वाटतं ते जातं. खुंटा धरून हात गोल फिरतोय, मधेच मूठभर दाण्यांची वैरण घालायची की परत घरघर सुरू, आणि ओळ त्याच लयीत बसवायची.

हल्ली मीपण कविता आधी टाइप करत नाही, कणिक मळताना मोठ्याने म्हणते, जीभ अडखळली की शब्द बदलते, मग पिठाच्या हातानेच मोबाइलवर रेकॉर्ड. कालची ओळ अकरा वेळा म्हटली तेव्हा कुठे सुटली!