डांबराखालचा पत्रा

झोप येत नाही म्हणून लिहायला बसले आहे. बाबांची जुनी गाडी दुरुस्त होईल का ते बघायला मिस्त्रींना दाखवली, त्यांचं एक वाक्य डोक्यातून जात नाही.

माणूस चांगला आहे. आवाज चढवला नाही, हातातलं कामही थांबवलं नाही. गाडीखाली आडवे पडूनच म्हणाले, "ज्यानं कुणी हे काळं फासलं ना ताई, त्यानंच ही गाडी घालवली." दादानं ते ऐकलं आणि लगेच पुढचं विचारलं, फ्लोअर अख्खा बदलायचा की तुकडे लावून भागेल. त्यांचं बोलणं पुढे सरकलं. मी तिथेच अडकले. अजून तिथेच आहे.

ते काळं म्हणजे डांबर, पत्र्याला गंज लागू नये म्हणून बाबांनी गाडीच्या पोटाला फासलं होतं. पावसाळ्याच्या आधी एक सुट्टी त्यासाठी ठरलेली असायची. जुनी चादर अंथरून ते गाडीखाली सरकायचे, ब्रश आणि डबा छातीवर, आणि टॉर्च माझ्या हातात. "दिसतंय का गं कुठे उघडं?" असं विचारत राहायचे. मी टॉर्च कोपऱ्याकोपऱ्यात फिरवायचे आणि एखादा ठिपका सापडला की आनंदानं ओरडायचे. त्यांच्या नखांतलं डांबर पुढे कितीतरी दिवस जायचं नाही. आई चिडायची. एवढ्या मायेनं केलेल्या कामाला कुणी 'घालवली' म्हणावं?

पण मिस्त्रींनी जे दाखवलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. छोट्या हातोडीनं ते पुढून मागे ठोकत गेले. आधी ठण ठण असा मोकळा आवाज येत होता. दाराखालच्या पट्ट्यापाशी आले आणि आवाज एकदम बसला. ढप. मग त्यांनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक तिथे ठेवलं आणि अंगठ्यानं नुसतं दाबलं. टोक आत गेलं. वरचा काळा थर वरवर अगदी शाबूत, आणि त्याच्या मागे पत्राच नव्हता. तपकिरी पापुद्रे होते, एकावर एक रचलेले, पुस्तकाची पानं पाण्यात भिजून वाळल्यावर फुगतात तसे. त्यांनी थर थोडा ओढला तर ते सगळं भरभर खाली पडलं आणि त्यातून ओलावा लागला हाताला. इतके दिवस ऊन आहे, तरी आत ओल होती.

मागच्या चाकावरच्या कमानीला त्यांनी लोहचुंबक लावून पाहिला. चिकटला नाही. म्हणजे तिथे पत्र्याऐवजी नुसती पुट्टी. ती कधी भरली, कुणी भरली, कुणालाच आठवत नाही. ते असो.

घरी आल्यापासून मी फक्त वाचतेय, आणि कशासाठी वाचतेय ते मला चांगलं कळतंय. मिस्त्री चुकीचे आहेत हे मला कुठेतरी छापलेलं सापडायला हवंय.

सापडलं ते असं. गंजायला लोखंडाला पाणी आणि हवा दोन्ही लागतात. डांबराचा थर ताजा असताना दोन्ही अडवतो, खरंच अडवतो. पण जुना झाला की कडक होतो, त्याला केसासारख्या चिरा जातात, आणि त्या चिरांतून पाणी मागे शिरतं. शिरलेलं पाणी मग वाळत नाही. उघड्या पत्र्यावरचं पाणी वारा लागून सुकून जातं, थरामागचं तिथेच बसून राहतं. शिवाय गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे तो थराला आतून ढकलत जातो आणि पोकळी वाढते. ॲल्युमिनिअमचं बरं असतं, त्याच्यावर चढलेला थर खालच्या धातूला सांभाळतो. लोखंडाचा गंज सुटून पडतो आणि खालचं ताजं लोखंड पुन्हा उघडं पडतं.

आणि ती भोकं. दारांच्या आणि दाराखालच्या पोकळ पट्ट्यांच्या तळाला कंपनीनं मुद्दाम बारीक भोकं ठेवलेली असतात, आत गेलेलं पाणी निथळून जायला. आमच्या गाडीची ती सगळी भोकं डांबरानं बुजलेली आहेत. मला आठवतंय, भोक दिसलं की बाबा त्यात ब्रश दाबून दाबून भरायचे. पाणी आत जाऊ नये म्हणून.

हे वाचून मी बराच वेळ काही केलं नाही.

मग बाबांची बाजू घ्यायला सुरुवात केली, अजून घेतेय. त्या काळच्या गाड्यांचा पत्रा साधा असायचा. गाडीचं अख्खं अंग जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचं करायची पद्धत बरीच उशिरा आली. ऑडी १०० या जर्मन गाडीला ते १९८५ मध्ये मिळालं, आणि तेव्हा ती मोठी बातमी होती. आमची गाडी त्याच्या आधीची. तिच्या पोकळ्यांच्या आतल्या अंगाला धड रंगसुद्धा पोचलेला नसणार. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून ठिपक्या-ठिपक्यांनी जोडलेले असतात, त्या दोन पत्र्यांच्या मधे ना ब्रश जातो, ना डांबर, ना माणसाचा हात. गंज आतून बाहेर येतो, बाहेरून दिसतो तेव्हा त्याचं निम्मंअधिक काम झालेलं असतं. बाबांनी काही लावलं नसतं तर गाडी कदाचित आधीच गेली असती. कदाचित. या एका शब्दावर मी रात्र काढतेय.

वाचता वाचता टल्साची गाडी सापडली. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातलं शहर. राज्याला ५० वर्षं झाली म्हणून १५ जून १९५७ ला त्यांनी एक कोरी प्लिमथ बेल्व्हेडेर जमिनीखाली काँक्रीटच्या तळघरात पुरली, ५० वर्षांनी काढायची म्हणून. गंजरोधक वंगण चोपडलं, प्लास्टिकात गुंडाळली. २००७ मध्ये पेट्रोल मिळेल न मिळेल म्हणून सोबत पेट्रोलही ठेवलं. अणुबॉम्बही सोसेल असं तळघर म्हणे. जून २००७ मध्ये उघडलं तर आत पाणी भरलेलं. गर्दीसमोर आच्छादन काढल्यावर गाडी नखशिखांत गंजलेली. नंतर कुणीतरी खूप कष्ट घेऊन वरचा थोडा गंज काढला, पण खालचा सांगाडा पार गेलेला होता. आता ती इलिनॉयमधल्या एका संग्रहालयात तशीच उभी आहे.

मी त्या तळघराच्या फोटोंकडे पाहत बसले. त्या माणसांना कुणी 'तुम्हीच घालवली' म्हटलं असेल का? ज्यांनी १९५७ मध्ये ते वंगण चोपडलं, त्यांच्यातले किती जण ती बघायला उरले असतील?

दादाला हे पाठवलं तर त्यानं उलट दुसरा फोटो पाठवला. १९२५ ची बुगाटी. इटली-स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या माज्जोरे सरोवराच्या तळाशी सत्तरेक वर्षं पडून होती, २००९ मध्ये वर काढली, २०१० मध्ये लिलावात विकली गेली आणि ज्यानं घेतली त्यानं ती दुरुस्त न करता, गंजलेली तशीच आपल्या संग्रहालयात मांडली. खाली दादानं लिहिलं, "बघ, तशीच ठेवली तरी चालतं." हो, चालतं. संग्रहालयात चालतं. आपल्याकडे ती दारात उभी असते आणि रोज तिच्याकडे बघावं लागतं, तेही मला. आठवणी सगळ्यांच्या, गाडी माझ्याकडे. 'काय ते तू ठरव' असं जो तो इतक्या प्रेमानं म्हणतो की रागावताही येत नाही. मिस्त्रींनी सांगितलेला आकडा ऐकून वहिनी काय म्हणाली ते मी इथे लिहिणार नाही. तिचंही बरोबर असेल. या गाडीच्या मागच्या सीटवर कोण कोण बसून गेलंय, हे तिला कुठून माहीत असणार?

संध्याकाळी आईकडे गेले होते. मिस्त्रींचं वाक्य तिला सांगायचं नाही असं ठरवून गेले आणि पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकलं. तिला वाईट वाटेल, ती रडेल, असं काय काय मनात होतं. ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "त्यांना कुठे ठेवायची होती ती? वापरायची होती."

बस्स, एवढंच. पुन्हा भाजी.

तेव्हापासून तेच घोळवतेय. खरंच की. बाबा गाडी जपत होते ते पुढच्या पावसाळ्यापर्यंत. त्यांचा सगळा हिशोब तेवढाच होता. दोघांच्या शाळा, आजीचे दवाखाने, लग्नकार्यं, मध्यरात्रीची स्टेशनं. गाडी रोज पळत होती तोवर इंजिनाची ऊब होती, वारा होता, दारं उघडझाप होत होती, ओल साचायला फुरसत मिळत नव्हती. ती सडली ती उभी राहिल्यावर. पुढच्या काचेचं रबर आकसलं, तिथून पाणी झिरपत पायांखालच्या मॅटपर्यंत गेलं, मॅटखालच्या नमद्यानं ते धरून ठेवलं. बाबांचा ब्रश थांबल्यानंतरची ही सगळी गोष्ट आहे. मिस्त्रींनी पत्रा बघितला, त्यांना त्यात एवढंच दिसलं. त्यांच्या जागी ते बरोबर आहेत. डांबरानं पाणी कोंडलं हे खरंच आहे. आणि त्या डांबराच्या जिवावर आम्ही एवढी वर्षं कोरड्या पायांनी फिरलो, तेही खरंच आहे. दोन्ही एकाच पत्र्यावर आहेत. मला यातलं एक खोडून काढायची गरज उरलेली नाही असं आत्ता, या क्षणी तरी वाटतंय.

आणि एक गोष्ट कळली ती लिहूनच टाकते. गाडी नव्यासारखी चकाचक करायचा माझा जो हट्ट चालला होता, तो मिस्त्रींना उत्तर म्हणून होता. ती शोरूममधल्यासारखी उभी करून म्हणायचं होतं, बघा, गेली नव्हती. बाबांना असली गाडी आवडली नसती. ओरखडा पडेल म्हणून ते ती बाहेर काढताना घाबरले असते.

तर त्यांच्याच मापानं मोजायचं ठरवलंय. माणसं बसवून सुरक्षित पोचवते का? या गाडीला वेगळी चॅसिस, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, अंग हीच तिची ताकद, त्यामुळे दाराखालचे दोन्ही पट्टे, फ्लोअर आणि जॅक लावायच्या जागा आधी. मग ब्रेकचे पाइप, ते तर नवेच. पेट्रोलची टाकी उतरवून आतून बघायची. बाहेरचा रंग, बोनेटवरचा तो डाग, डॅशबोर्डवरची चीर, याला हात लावायचा नाही. पुट्टी भरलेली कमान मात्र उकरून नीट पत्र्याची करायची. डांबर सगळं खरवडायचं, भोकं मोकळी करायची, आणि पोकळ्यांत मेणाचं पातळ औषध फवारायचं, जे चिरत नाही, पाझरून सांध्यात शिरतं.

सगळं अवलंबून आहे ते पुढच्या भागावर. जिथे पुढचं सस्पेन्शन आणि स्टिअरिंग बसतं, तिथला जाड पत्रा डांबराखाली अजून कुणी पाहिलेलाच नाही. तो घट्ट असेल तर काम करायचं. तोही गेला असेल तर थांबायचं, गाडी सोडायची, आणि इंजिन चांगलं आहे ते कुणाला उपयोगी पडेल त्याला द्यायचं. हे लिहिताना हात थरथरला, पण लिहिलं.

मिस्त्रींना विचारायच्या गोष्टी: पट्टा कापायच्या आधी दारांच्या चौकटीत आडव्या पट्ट्या वेल्ड करून आधार देणार का? नाहीतर गाडी मधेच खचते आणि दारं जन्मात नीट लागत नाहीत. पट्टा एका वेळी एकाच बाजूचा कापणार ना? मॅट आणि सीट आम्ही आधी काढून ठेवायच्या का?

सीट काढायच्याच आहेत म्हणून मघाशी टॉर्च घेऊन आत बघून आले. बोल्ट गंजून बसलेत, एकटीला हलणार नाहीत. वर एकानं पाना धरायचा आणि खालून एकानं नट. दादाला लिहिलंय, रविवारी ये, जुने कपडे घालून ये. त्याचं उत्तर आलंय, "किती वाजता?"